पाहुण्यांतला नंबर

“पयलो नंबर देवाचो,” आपाकाका म्हणाले आणि सुंभाची गाठ दातांनी आवळली.

चवथ दोन दिवसांवर आली होती. माजघरात, गणपती बसतो त्या जागेवर, लाकडी चौकट टांगून तिला फळं-पानं बांधायचं काम चाललं होतं. आमच्याकडे तिला माटवी म्हणतात. काका स्टुलावर उभे होते, मी खालून एकेक कवंडळ त्यांच्या हातात देत होते आणि इंदूआत्या उंबऱ्याशी बसून तेरड्याच्या जुड्या बांधत होती. बोलणं मात्र वायफायचं चाललं होतं.

“दुसरो माझो. तिसरो तुझ्या बापाशीचो. चौथो सिद्धेशाचो. पाचवो टीवीक.”

“सिद्धेशदादा मस्कतला असतो,” मी म्हणाले.

“मगे? घरचो झिल तो. येयत तेवां तेका नंबर नको?”

काकांचा एकुलता एक मुलगा किती चवथींना घरी आला नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तो विषय मी सोडला आणि मुद्द्याचं विचारलं.

“आणि माझा?”

“तुका कित्याक कायमचो, प्रणिता? तू पाव्हण्यांत.”

त्यांनी कवंडळासाठी हात खाली केला. मी ते दिलंच नाही.

“काका, मी रोज या घरात राहते.”

“आज रवतंस. उद्या लगीन झाला की जातलंस. मगे तो नंबर फुकट अडान रवतलो. तां कवंडाळ दी हंय.”

“आणि मी रे आपा?” इंदूआत्याने विचारलं. ती काकांची धाकटी बहीण. लग्न होऊन कणकवलीला गेली त्यालाही जमाना झाला होता, पण दर चवथीला चार दिवस आधी येऊन हजर असायची.

“तू तर पाव्हण्यांतच.”

“बरां झाला. पाव्हण्यांक चाय तरी गरम मिळता,” आत्या म्हणाली आणि हसून पुढची जुडी उचलली. मला हसू आलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

भानगड काय होती ते सांगायला हवं. वायफायवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूला, मग तो मोबाईल असो की टीव्ही, घरापुरता एक नंबर लागतो; त्याचा शेवटचा आकडा तेवढा प्रत्येकाचा वेगळा. तो दोन तऱ्हांनी मिळतो. एकतर राउटर, म्हणजे तो दोन शेंड्यांचा डबा, येईल त्याला रिकामा असेल तो नंबर देतो आणि तो गेला की काढून घेतो. नाहीतर आपण हाताने ठरवून द्यायचा, मग तो कायमचा त्याचाच. शहाणी माणसं पहिली तऱ्हा पत्करतात आणि पुन्हा त्याचं नाव काढत नाहीत. आमच्या घरात आपाकाका होते.

काकांचा सगळा जन्म एस.टी. स्टँडावर, वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत गेला. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार हे त्यांनी ठरवायचं आणि जगाने ऐकायचं. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाताखाली एकही गाडी उरली नव्हती. मग गावात फायबर आली, घरात राउटर आला, आणि काकांना पुन्हा फलाट मिळाले.

“डब्यालाच देऊ दे ना नंबर,” मी त्यांना हजारदा सांगून पाहिलं होतं. “येईल त्याला देतो, जाईल त्याचा घेतो. त्याचं कामच आहे ते.”

“थंयच तर घोळ आसा! देवगड गाडी दोन नंबराक म्हणजे दोन नंबराक. आज हंय, उद्या थंय केलां तर माणसां पावसातसून धावत रवतली.”

त्यांचं सगळंच चुकीचं होतं असंही नाही. आदल्या वर्षी त्यांनी सिद्धेशदादासाठी माटवीला कॅमेरा बांधला होता. मस्कतला बसून त्याने मोबाईलवर देव बघावा, आरती ऐकावी. पण दिवसातून चारदा लाईट जायची, राउटर उठून नव्याने नंबर वाटायचा, कॅमेऱ्याला भलताच नंबर मिळायचा आणि दादाच्या मोबाईलला कॅमेरा सापडायचा नाही. पाचही दिवस त्याला देव दिसला नाही. त्या वर्षी त्यांनी कानाला खडा लावला, की यापुढे सगळ्यांना ठरलेले नंबर. कॅमेऱ्याला कायमचा नंबर हवाच होता, ते मलाही मान्य होतं. पण त्यापायी अख्ख्या घराची मानाची उतरंड लावायची काय गरज होती?

आणि माझं डोकं फिरायला आणखी एक कारण होतं. चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी माझी मुलाखत होती. मी मत्स्यशास्त्रात एम.एस्सी. करून वर्षभर घरी बसले होते. केरळातल्या एका संशोधन संस्थेने कोळंबीच्या रोगांवरच्या कामासाठी मला बोलावलं होतं, मुलाखत व्हिडिओवर. तिकडे ऋषिपंचमीची सुट्टी नव्हती आणि तारीख बदलून मिळणार नव्हती. ही नोकरी लागली नाही तर दिवाळीनंतर स्थळं बघायला मी नाही म्हणणार नाही, असं आईने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. आमच्या घरात मोबाईलला रेंज येत नाही. जे काय व्हायचं होतं ते त्या डब्यावरून.

“मुलाखतीपुरता तरी एक नंबर द्या,” मी म्हणाले.

“पाव्हण्यांक धा नंबर ठेवलंय. तेतलो गावतलो तुका. आणि काय व्हया?”

चवथीच्या आदल्या संध्याकाळी मी मैत्रिणीला लावून व्हिडिओ तपासला. तोवर काकांनी घरातल्या प्रत्येकाचा मोबाईल घेऊन त्यात आपापला नंबर कोंबला होता. काकीचं तेवढं राहिलं, कारण काकीला मोबाईल नव्हता. मला पाहुण्यांतला कुठलातरी नंबर मिळाला होता, पण चित्र स्वच्छ होतं, आवाज स्वच्छ होता. मी सुखाने झोपले. कॅमेरा तेवढा लावायचा राहिला होता, आणि तो देव बसल्यावर लावायचा होता.

चवथीला सकाळी देव बसला. भटजी गेले तशी काकांनी स्टूल घेतलं, माटवीच्या आतल्या अंगाला, दोन कवंडळांच्या मधे कॅमेरा बांधला, वायर देवाच्या पाटामागून नेऊन बटणात खोवली आणि हात जोडले. मग पहिली आरती झाली. आरती चालू असताना पडवीतला फोन खणखणायला लागला. घरात तो तारेचा जुना फोन अजून होता, म्हणून तरी बरं.

“आपा, काय दिसत नाही,” पलीकडून सिद्धेशदादा. “नुसतं गोल फिरतंय.”

“बघ, बघ, परत लाव.”

“दहा वेळा लावलं.”

आणि त्याच वेळी घरातल्या सगळ्यांचे मोबाईल रुसले. एखादा मिनिटभर चालायचा, मग बंद. दुसरा लागायचा, तोवर तिसरा गेलेला. मी लॅपटॉप उघडून पाहिला. काल स्वच्छ दिसणारी मैत्रीण आज अर्धं तोंड उघडून थिजली होती.

काकांनी निदान केलं ते असं, की पाहुण्यांची गर्दी. मुंबईची मंडळी सकाळीच उतरली होती आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता. काकांनी भाजी धुवायची रोवळी घेतली आणि पडवीभर फिरून मुंबईकरांचे मोबाईल बंद करवून तिच्यात गोळा केले. मुंबईकर कुरकुरले. एक जावई तर उठून परसात निघून गेला. रोवळी भरली, काकांनी ती फडताळात ठेवून कडी लावली. नेट होतं तस्संच.

“म्हणजे पाहुण्यांचं काही नव्हतं,” मी म्हणाले.

“तुझा तां काम्प्युटर आसा ना? तू पण पाव्हण्यांतच.”

आता मात्र माझा संयम सुटला. “मला कायमचा नंबर द्या काका! उद्या माझी मुलाखत आहे. मस्कतला असलेल्या माणसाचा नंबर तुम्ही राखून ठेवता आणि घरात असलेल्या मुलीला रांगेत उभी करता!”

“असां उलटून बोलू नको. क्रम लावलोहा, तो आता मोडूक येवचो नाय.”

बाबा भांडणात कधी पडायचे नाहीत. त्यांनी आपला मोबाईल निमूट माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, “माझो तीन नंबर घे. माका काय करूचो आसा?” काकांना ते आवडलं नाही, पण भावाने आपलं दिलेलं ते अडवू शकले नाहीत. मी बाबांचा नंबर काढून लॅपटॉपला दिला. घरातल्या मानाच्या तिसऱ्या नंबरावर बसून मी मैत्रिणीला पुन्हा फोन लावला. ती पुन्हा थिजली.

दुपारी काकीने नैवेद्य दाखवला, मखरापुढे पडदा ओढला आणि सगळ्यांना माजघरातून बाहेर काढलं. आमच्याकडे देव जेवत असताना त्याच्याकडे कुणी बघत नाही. पडद्यामागे देव जेवत होता, पडद्याबाहेर मी मुलाखतीला उरलेले तास मोजत होते. आई म्हणाली, “नशिबात असेल तर होईल.” त्यावर मी बोलले असते तर सणासुदीला घरात रडारड झाली असती.

पंचमीच्या सकाळी मी लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत घालून सड्यावर, गावावरच्या उघड्या माळावर, गेले. तिथे मोबाईलला रेंज येते. वारा असा होता की छत्री उलटी झाली, पाऊस आडवा यायला लागला आणि एवढं करून व्हिडिओ काही पुढे सरकेना. चिंब होऊन परत आले तर पडवीत काका तारेच्या फोनवर ओरडत होते.

“दिसणा नाय म्हंजे काय? मी हंयसून बघतंय तर देव बसलोहा चांगलो!”

“तुम्हाला दिसणारच, आपा. तुम्ही तिथे आहात,” सिद्धेशदादा पलीकडून म्हणाला. तो इतक्या मोठ्याने बोलला की मलाही ऐकू आलं. “जाऊ दे. मी ड्यूटीवर जातो.”

काकांनी फोन ठेवला आणि उगाच त्याची तार सारखी करत उभे राहिले. त्या क्षणी त्यांची कीव आली असती, पण मला स्वतःचीच इतकी येत होती की दुसऱ्यासाठी शिल्लक नव्हती. मी खोलीत जाऊन केस पुसत बसले. इंदूआत्या चहा घेऊन आली आणि तेवढ्यात लाईट गेली.

लॅपटॉप टिंग टिंग करून वाजायला लागला. संस्थेची मेल आली, मुलाखतीचा दुवा आला, मैत्रिणीचे कालपासून अडकलेले सगळे निरोप आले. मी घाईघाईने तिला फोन लावला. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. ती म्हणाली, “अगं, आज तर मस्त दिसतेयस, केस का ओले?” आणि लाईट आली. ती थिजली.

“तुझा नेट उलटांच गो,” आत्या म्हणाली. “लोकांचा लाईट गेली की जाता. तुझा लाईट गेली की येता. काल दुपारीपण असांच झालेला, माझ्या मोबाईलार सुनेचो फोटो तेवांच इलो.”

राउटर यंदापासून इन्व्हर्टरवर होता, तो लाईट गेली तरी चालूच राहायचा. मग लाईट गेल्यावर बंद काय पडत होतं? फ्रिज, टीव्ही, पंखे. आणि मखर. मखराची सगळी रोषणाई काकांनी इन्व्हर्टरवर भार नको म्हणून बाहेर ठेवली होती. त्याच बटणांच्या रांगेत कॅमेरा होता.

चहा तिथेच टाकून मी पडवीत आले.

“काका, कॅमेऱ्याला नंबर कुठला दिलात?”

“सांगितलंय ना? पयलो देवाचो.”

“एक? शेवटचा आकडा एक?”

“पयलो म्हंजे एकच.”

मी कपाळावर हात मारून घेतला. राउटरचा स्वतःचाही एक नंबर असतो, आणि आमच्या डब्याचा तो घरात आला तेव्हापासून एकच होता. घरातल्या सगळ्या मोबाईलांना एवढंच ठाऊक असतं, की बाहेर जायचं तर एक नंबरकडे जायचं. आता एक नंबरावर दोघं बसले होते. कुणी राउटरकडे जात होतं, कुणी कॅमेऱ्याकडे, आणि कॅमेरा बिचारा त्यांना कुठेही नेऊ शकत नव्हता. सिद्धेशदादापर्यंत तो स्वतःसुद्धा पोचत नव्हता. हे सगळं मी काकांना एका दमात सांगितलं. त्यांना ते पटलंही असावं, कारण त्यांनी स्टँडावरचा प्रश्न विचारला.

“म्हंजे एका फलाटार दोन गाडये?”

“हो! आता कॅमेऱ्याचा नंबर बदला. दोन मिनिटांचं काम.”

“तां जमाचा नाय.”

“का?”

“देव बसलोहा. बसलेल्या देवाचा पाच दिवस काय हलवूचा नसता. तेचो मान काढून खालचो नंबर देवचो? त्या डब्याचो नंबर बदल. तेका दोन दी.”

“दोन तुमचा आहे.”

काका थांबले. मान खाजवली. “मगे नको,” ते म्हणाले.

हसावं की रडावं ते मला कळेना. मुलाखतीला अर्धा तासही उरला नव्हता. “निदान वायर काढा तासभर,” मी म्हणाले. वायर पाटामागे होती, तिथे सोवळ्यातल्या माणसाशिवाय कुणी हात घालत नाही, म्हणून मी स्वतः काढू शकत नव्हते. काका म्हणाले, “आणि तेवढ्यात सिद्धेशान लावल्यान तर?” मी म्हणाले, “त्याला कालपासून काहीही दिसलेलं नाही!” काका म्हणाले, “आता दिसात.” मी म्हणाले, “कसं दिसेल?” काका म्हणाले, “देवाच्या मनात इला तर दिसात.” माझे डोळे भरून आले, आणि ते रागाने भरलेत हे काकांना कळावं म्हणून मी ते पुसलेही नाहीत.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकी आली. ओलेत्याने नेसलेलं सोवळं, हातात नैवेद्याचं पान, पानावर ऋषीची भाजी आणि वाफाळता भात. नैवेद्याला अजून वेळ होता. ती कुणाकडे न बघता माजघरात गेली, पान देवापुढे ठेवलं, पाणी फिरवलं. मग मान वर करून माटवीतल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

“ह्यां बंद करा,” ती काकांना म्हणाली.

“कित्याक?”

“देव जेवता तेवां कोण बघता काय? आमी सगळी भायर जातंव, आणि ह्यो डोळो उघडो ठेवन बसता. काल माझ्या ध्यानात इला नाय, तां चुकलाच.”

“अगो, पण सिद्धेश…”

“सिद्धेशाक मी लहानपणी हंयसून कान धरून भायर काढलंय. मस्कताक गेलो म्हणान बघूक गावता काय तेका?”

काका पाच दिवस देवाचं काही हलवू नये म्हणत होते, आणि काकी त्याच देवाचा नियम त्यांच्यापुढे ठेवून उभी होती. काकीने पाटामागे हात घातला, वायर उपटली, पडदा ओढला आणि माजघराच्या दाराशी पाट टाकून बसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “जा तू. देवाक येळ लागतलो.”

मी धावले.

मुलाखत चांगली झाली. कोळंबीवरच्या पांढऱ्या डागांचं मला सगळं येत होतं, आणि कालपासून साठलेला वैताग आवाजात उतरून त्याचा ठामपणा झाला होता. अधूनमधून बाहेरची कुजबुज कानावर यायची. घरात देवाआधी कुणी जेवत नाही. मुंबईकर, पोरंटोरं, बाबा, आई, सगळे उपाशी पडवीत बसले होते.

“झाला काय गो देवाचा?” काकांचा आवाज.

“भात आसा अजून पुढ्यात.”

थोड्या वेळाने पुन्हा. “आता?”

“ऋषीची भाजी. सावकाश जेवूक व्हयी. गळ्यात अडाकली मगे?”

पलीकडचे एक गृहस्थ मला विचारत होते, “तुम्ही इथे टिकाल ना? मुली शिकतात, लग्न होतं, निघून जातात. मग ती जागा रिकामी पडून राहते.” केरळातून, इंग्रजीत, अगदी आपाकाकांचं वाक्य. मला इतका संताप आला की भीतीच गेली. मी विचारलं, “सर, हे तुम्ही मुलांनाही विचारता का?” त्यांच्या शेजारच्या बाई खाली बघून हसल्या आणि पुढचा प्रश्न त्यांनी विचारला.

मी बाहेर आले तेव्हा पानं मांडलेली होती आणि त्यांच्यासमोर भुकेजलेली पंगत माझ्याकडे बघत होती. काकीने माझा चेहरा एकदा पाहिला, उठली आणि पडदा सारला.

“जेवलो देव,” ती म्हणाली.

कुणी भाताला हात लावायच्या आत काकांनी प्रश्न काढला. “आता कॅमेरो लावूचो ना परत? मगे नंबर खंयचो?” त्यांनी तो रागाने नाही, अगदी अडल्यासारखा विचारला. एक नंबर डब्याचा, हे त्यांनी तासाभराच्या उपाशी बसण्यात मान्य केलं असावं. पण मग देवाला कुठे बसवायचं? दोनावर ते, तीनावर बाबा, चारावर दादा. देवाला टीव्हीच्याही खालचा नंबर द्यायचा म्हणजे फारच झालं.

“आपा,” इंदूआत्या वरण वाढता वाढता म्हणाली, “ह्यो देव आपल्याकडे रवता किती?”

“पाच दिवस. तुका म्हायत नाय?”

“आणि मगे?”

“मगे जाता.”

“जाता ना? दर वर्सा येता, पाच दिवस रवता, गोडधोड खाता, जाता.” तिने काकांच्या पानात वरण वाढलं. “मगे तो पाव्हण्यांतच. माझ्या नी प्रणिताच्या वांगडा बसव तेका.”

पंगतीत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. काकांनी भाताचं आळं केलं, मोडलं, पुन्हा केलं. नियम त्यांचा होता, त्यांनीच लावला होता, आणि त्यातून देवाला बाहेर काढायला त्यांना जागा सापडत नव्हती.

“पण पाव्हण्यांचो नंबर बदालता,” ते अखेरीस म्हणाले. “आज हो, उद्या तो. सिद्धेशाक सापडाचो नाय.”

“पाहुण्यांतला एक नंबर त्याच्या नावाने राखून ठेवता येतो,” मी म्हणाले. “तो गेला तरी राउटर दुसऱ्या कुणाला देत नाही. परत आला की तोच मिळतो.”

“असां करूक येता?”

“पहिल्यापासून येतं, काका.”

जेवून उठल्यावर त्यांनी माझ्या शेजारी बसून ते करून घेतलं. मी सांगत होते, बटणं ते दाबत होते. मग सोवळं नेसून त्यांनी स्वतः वायर खोवली. काही वेळाने पडवीतला फोन वाजला. काकांनी तो उचलला. पलीकडे सिद्धेशदादा एवढंच म्हणत होता, “दिसला, आपा. दिसला. माटवी पण दिसली.” काकांनी फोन काकीच्या कानाला लावला आणि परसात जाऊन तोंड धुऊन आले. रोवळीतले मोबाईल त्यांनी तेव्हाच परत केले, एकेकाचं नाव घेऊन.

नोकरी मला मिळाली. मी केरळात गेले, काका म्हणाले होते तशी घर सोडूनच गेले, फक्त लग्न करून नव्हे. पहिल्या वर्षी सुट्टी मिळेना. दुसऱ्या वर्षी मिळाली. चवथीच्या दिवशी सकाळी रिक्षातून उतरले, पडवीत पिशवी ठेवली, तर खिशातल्या मोबाईलने आपोआप घरचं वायफाय पकडलं. खोड म्हणून मी नंबर बघितला. देवाचा जो होता त्याच्या पुढचाच.

“देवाच्या बाजूचो तुझो,” काका मागून म्हणाले. ते मी काय बघतेय ते बघत होते. “तेच्या पलीकडे इंदूचो. दोन वर्सां कोणाक देवक नाय.”

मी वाकून त्यांच्या पाया पडले.

“तां सगळा ऱ्हवांदे,” ते वैतागून म्हणाले. “ही काय यायची येळ? देव बसाक इलो, माटवी मी एकट्यान बांधलंय. पाव्हण्यांसारख्या चवथीच्या सकाळी येव नको आता. फुडल्या वर्सा आदल्या दिवशी ये.”